हातावर तुरी देणारी यादी

इंग्रजी वाक्प्रचार खेड्यातल्या पोरांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. म्हणून त्यांना पाचशे वाक्प्रचारांची यादी द्यावी, समोर मराठी अर्थ छापावा आणि ती घोकून घ्यावी. शिवाय इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर ठेवावे, कारण मुलांच्या चुका मराठीमुळेच होतात. लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या श्यामनगरात, पालकसभेत आणि शिक्षकांच्या खोलीत हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर कुणी हरकतही घेत नाही. मला ती घ्यायची आहे. या दोन जिल्ह्यांत चोवीस वर्षे इंग्रजी शिकवून आणि तितकीच वर्षे वह्या तपासून माझे मत नेमके उलटे झाले आहे. मराठवाड्यातल्या मुलाला इंग्रजी वाक्प्रचार मुळात परका नसतो. यादी त्याला परका करते. आणि तो नीट लिहायला जो कान लागतो, तो मराठीने या मुलाला आधीच दिलेला असतो.

आधी समोरच्या बाजूचे खरे ते मान्य करतो. यादी घोकून गुण मिळतात. चार पर्यायांतून अर्थ ओळखायचा असेल तिथे घोकलेली यादी कामी येते, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला एकेक गुण मोलाचा असतो. लातूर पॅटर्नची सगळी ताकद सरावात आहे. पुन्हा पुन्हा प्रश्नपत्रिका सोडवून इथल्या साध्या घरांतली मुले डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. त्या मेहनतीला मी नावे ठेवणार नाही. पण ओळखणे वेगळे आणि वापरणे वेगळे. लोकसेवा आयोगाने इंग्रजीच्या अभ्यासक्रमात वाक्प्रचारांचा अर्थ आणि त्यांचा वापर अशा दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतही दिलेला वाक्प्रचार घेऊन स्वतःचे अर्थपूर्ण वाक्य लिहायला सांगतात. गावातला एखादा माणूस चेहऱ्याने ओळखता येणे आणि त्याच्याशी देणेघेणे करता येणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच इथे आहे. यादी चेहरा दाखवून थांबते.

लातूरच्या मोंढ्यात तुरीचे सौदे होतात. तिथे हमाली करणाऱ्याच्या मुलालाही ठाऊक असते की आडत्याने हातावर तूर ठेवली म्हणजे माल दाखवला, आणि हातावर तुरी दिल्या म्हणजे डोळ्यांदेखत फसवून पसार झाला. एका अनेकवचनाने अर्थ पार बदलतो. 'ताकास तूर लागू न देणे' नकारातच चालते, हेही त्याला ठाऊक असते. 'त्याने मला सगळे सांगितले, ताकास तूर लागू दिली,' असे तो कधी बोलणार नाही. हे त्याला कुणी शिकवलेले नसते आणि कुठल्या यादीतही त्याने वाचलेले नसते. भांडणात, सौद्यात, आजीच्या तोंडून, पुऱ्या प्रसंगासकट त्याने ते ऐकलेले असते. वाक्प्रचारातला कोणता शब्द हलतो, कोणता हलत नाही, तो होकारात चालतो की नकारात, कुणासमोर शोभतो आणि कुणासमोर नाही, हे सगळे ज्ञान त्याच्या कानात मुरलेले आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण त्याला ते चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवायला लावतो.

यादीने काय होते ते वहीतूनच दाखवतो. यादीत छापलेले असते 'कीप वन्स वर्ड', म्हणजे शब्द पाळणे. मुलगा वाक्य लिहितो, 'ही केप्ट वन्स वर्ड.' त्याने यादी चोख पाठ केली आणि म्हणूनच तो चुकला. 'वन्स' ही खरे तर मोकळी जागा आहे. तिथे माणसाप्रमाणे 'हिज', 'हर', 'माय', 'देअर' यायचे असते, हे यादी सांगत नाही. 'मेक अप वन्स माइंड'चीही तीच गत होते. दुसरा मुलगा पत्राच्या शेवटी लिहितो, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू.' यातला 'टु' पुढच्या क्रियापदाचा नाही, वाक्प्रचाराच्या अंगाचा आहे. म्हणून पुढे 'मीटिंग' हवे. यादीत 'लुक फॉरवर्ड टु' आणि समोर 'आतुरतेने वाट पाहणे' एवढेच असते. पुढे कोणते रूप येते याचा पत्ताच नसतो. तिसरा 'कोप अप विथ' लिहितो. मूळ वाक्प्रचार 'कोप विथ' आहे. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' यांच्या शेजारी बसवून पाठ केल्यामुळे तो 'अप' मधे घुसला.

चौथी चूक अधिक शिकवणारी आहे. 'होल्ड अ कँडल टु' याचा यादीतला अर्थ 'बरोबरी करणे' असा असतो. म्हणून मुलगी लिहिते की आमच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या संघाला 'होल्ड्स अ कँडल'. उस्ताद काम करत असताना त्याच्या बाजूला दिवा धरून उभे राहण्याचीही ज्याची लायकी नाही, त्याच्याविषयी हे बोलले जाते. म्हणून तो वाक्प्रचार 'कॅनॉट' घेऊनच येतो. इंग्रजीत हा 'ताकास तूर'चा भाऊ आहे. मी वर्गात एवढेच म्हटले की हा ताकास तूरसारखा नकारात चालणारा आहे, आणि त्या वर्गात ती चूक पुन्हा झाली नाही. व्याकरणाचा एकही नियम मला फळ्यावर लिहावा लागला नाही.

पाचवी चूक आठवली की आजही वाईट वाटते. एका मुलाने रजेचा अर्ज लिहिला होता. आजोबा वारले होते. त्याने लिहिले, 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट.' यादीत त्यासमोर 'मरण पावणे' एवढेच छापलेले होते. अर्ज शिक्षकांच्या खोलीत फिरला, लोक हसले. ज्या आजोबांच्या मांडीवर तो वाढला त्यांच्याविषयी त्या मुलाने मराठी अर्जात 'आजोबा खपले' असे जन्मात लिहिले नसते. वारले, निधन झाले, देवाज्ञा झाली, गेले, गचकले, खपले यांतले कोणते कुठे लिहायचे हे त्याला झोपेतही कळत होते. इंग्रजीतही तसेच आहे. 'पास अवे' दुखवट्याच्या घरात चालते, 'किक द बकेट' टवाळीत. सगळी मरणे एकाच पोत्यात भरणाऱ्या यादीने त्या पोराला त्याच्या दुःखाच्या दिवशी हास्यास्पद केले. ती चूक त्याची नव्हती. यादी देणाऱ्या आम्हा शिक्षकांची होती.

यादीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, वाक्प्रचार शिकायचा दुसरा मार्ग तरी कोणता? मार्ग दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलेला आहे, आणि तो आपल्याच भाषेसाठी दाखवला गेला. कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. मराठी शिकणाऱ्या इंग्रजासाठी तो केलेला होता. त्यात नामाचा नुसता अर्थ देऊन काम भागवलेले नाही. त्या नामाबरोबर कोणती क्रियापदे चालतात हे ठिकठिकाणी नोंदवले आहे: कुठे 'घाल', कुठे 'मार', कुठे 'दे', कुठे 'लाव'. इंग्रज शिकाऊ माणसाने शपथ 'घ्यावी', टोमणा 'मारावा' आणि दोष 'द्यावा', उलटसुलट करू नये, एवढी काळजी त्या कोशाने घेतली. पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन भागांत, १९४२ आणि १९४७ साली, वाक्प्रचारांसाठीच वेगळा काढला. वाक्प्रचार हा सुट्या शब्दांची बेरीज नसतो, त्याचा स्वतंत्र संसार असतो, हे ज्यांना कळत होते त्यांनी असे खपून काम केले. परक्याला मराठी शिकवताना शब्दाची संगत सांगायची, आणि आपल्या लेकरांना इंग्रजी शिकवताना संगत गाळून नुसता अर्थ हातात ठेवायचा, हा न्याय कसला?

आता दुसरा मुद्दा: चुका मराठीमुळे होतात. पुरावा म्हणून नेहमी एकच वाक्य पुढे केले जाते. भूक लागली म्हणून एका पोराने इंग्रजीत लिहिले की माझ्या पोटात कावळे ओरडत आहेत. बघा, मराठीत विचार केला की असे होते! मी म्हणतो, नीट बघा. मराठीत विचार केला असता तर या मुलाने असे लिहिलेच नसते. मराठीत 'पोटात कावळे ओरडतात' ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे पक्षी येत नाही. त्याला सरळ भूक कळते. वाक्प्रचाराचे शब्द आणि वाक्प्रचाराचा अर्थ या दोन गोष्टी आहेत, हे मराठी बोलताना त्याला पक्के ठाऊक असते. इंग्रजी लिहिताना त्याने ते ज्ञान बाजूला ठेवले आणि शब्दाला शब्द जोडला, कारण यादीने त्याला शब्दाला शब्द जोडायचीच सवय लावलेली आहे. मराठीत पोटात कावळे ओरडले की भूक, पोटात गोळा आला की भीती. इंग्रजीत पोटात फुलपाखरे उडाली, 'बटरफ्लाइज इन द स्टमक', की धाकधूक, परीक्षेच्या किंवा भाषणाच्या आधीची. हे तीन शेजारी मांडले की सातवीतल्या मुलालाही कळते: पोट एकच, पण दर भाषेने त्यात आपापले काही ठेवलेले आहे, आणि एकीचे दुसरीच्या पोटात घालायचे नसते. मराठी वर्गात असल्याशिवाय हे शिकवायचे कसे?

आपल्या भागाला तर हे नवे नसायला हवे. निजामाच्या राज्यात हायस्कूलचे शिक्षण उर्दूतून होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदवीपर्यंत उर्दू माध्यम होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त होईपर्यंत नांदेडच्या आणि आजच्या लातूर जिल्ह्यातल्या किती तरी मराठी घरांतली मुले उर्दूतूनच शिकली. त्या पिढीच्या उर्दूत एक शिस्त होती. उर्दू कवी मौलाना हाली यांनी १८९३ सालच्या 'मुकद्दमा' या ग्रंथात रोजमर्रा आणि मुहावरा यांतला भेद मांडला आहे. रोजमर्रा म्हणजे भाषिकांच्या रोजच्या बोलण्याची रीत आणि मुहावरा म्हणजे मूळ अर्थ सोडून रूढ झालेला प्रयोग. मुहावऱ्याला हात लावायचा नसतो. पळून जाणारा 'नौ दो ग्यारह' होतो. आठ आणि तीन मिळूनही अकराच होतात, पण कुणी 'आठ तीन ग्यारह' होत नाही. आमच्या लहानपणी उर्दूत शिकलेले म्हातारे मराठीतही चुकीचा वाक्प्रचार कानावर पडला की बोलणे थांबवून दुरुस्त करत. एका भाषेत लागलेली शिस्त दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, याचा आणखी कोणता दाखला हवा? आजही देगलूर-बिलोलीकडचा मुलगा तेलुगू ऐकत वाढतो, निलंगा-उदगीरकडचा कानडी, किनवट-माहूरच्या तांड्यावरचा घरी गोरमाटी बोलतो आणि बाजारात मराठी. दोन-तीन भाषांची ये-जा करणाऱ्या या मुलांना एका भाषेचा वाक्प्रचार दुसरीत जसाच्या तसा चालत नाही, हे अनुभवाने माहीत असते. ते त्यांना इंग्रजीच्या वहीत वापरू द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि मराठीला धरून इंग्रजीत खोल जाता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच भागाकडे पाहावे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे अभ्यासक. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचे साहित्य त्यांनी इंग्रजीतून वाचले आणि मराठी वाचकांपुढे मराठीत मांडले. दोन भाषा शेजारी ठेवूनच त्यांनी हे काम केले.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो: खेड्यातल्या पोराला इंग्रजी वाक्प्रचार जमणार नाहीत, कारण ते साहेबाच्या जगातले आहेत. साहेबाच्या जगातले म्हणजे कुठले? इंग्रजी भाषा काही फक्त दिवाणखान्यात वाढली नाही. तिचे कितीतरी वाक्प्रचार शेतातले, गोठ्यातले आणि मजुरीचे आहेत. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' यातला 'हे' म्हणजे जनावरांसाठी वाळवलेला चारा. पावसाने उघडीप दिली की कडबा वाळवून गंज लावायची घाई काय असते, हे शहरातल्या सदनिकेत वाढलेल्या मुलाला समजावून सांगावे लागते. औशाच्या किंवा कंधारच्या मुलाने ती घाई अंगावर घेतलेली असते. यादीत यासमोर 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' असे छापलेले मी पाहिले आहे. ते चूक आहे. त्या मराठी वाक्प्रचारात आपमतलबाचा वास आहे. इंग्रजी वाक्प्रचारात वेळेवर कष्ट करण्याचा शहाणपणा आहे. उघडीप म्हटले की मुलाला ही छटा आपोआप कळते.

'ॲट द एंड ऑफ वन्स टेदर' घ्या. टेदर म्हणजे दावे. खुंट्याला बांधलेले जनावर दाव्याच्या टोकापर्यंत चरत जाते. पुढे गवत दिसत असते पण जाता येत नाही. माणसाचा धीर किंवा बळ असे संपते तेव्हा हा वाक्प्रचार येतो. यादीत समोर 'शेवट होणे' असते, म्हणून मुले लिहितात की सिनेमा दाव्याच्या टोकाला आला. दावे दाखवा, ही चूक होणार नाही. अमेरिकेतला 'अ टफ रो टु हो' घ्या. रो म्हणजे पिकाची ओळ आणि हो म्हणजे खुरपणे. खुरपणीत कुणाच्या वाट्याला हराळीने भरलेली पात येते, तिच्या वाट्याचे कष्ट म्हणजे हा वाक्प्रचार. गंमत नव्हे, खरी गोष्ट सांगतो: ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे कितीतरी लोक 'रो'च्या जागी 'रोड' लिहितात, कारण त्यांनी खुरपे हातात धरलेले नाही. मी हा वाक्प्रचार पहिल्यांदा सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची, सुट्टीत आईबरोबर खुरपायला जाणारी मुलगी म्हणाली, "सर, हे तर आमच्याच रानातलं हाय की." तिने तो पुन्हा कधी चुकवला नाही.

'ॲट दि इलेव्हन्थ अवर' हा बायबलातला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर मजूर लावत जातो. बारा तासांच्या दिवसातल्या अकराव्या तासालाही काही जणांना कामावर घेतो आणि त्यांनाही पुरी मजुरी देतो. मुले याचा अर्थ रात्रीचे अकरा असा करतात आणि 'ॲट इलेव्हन अवर' लिहितात. पण रोजंदारीवर जाणाऱ्या घरातल्या मुलाला दिवस मावळायच्या आधीचा शेवटचा तास म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तास मोजून दाखवा, 'इलेव्हन्थ' आपोआप लिहिले जाते. मग हे वाक्प्रचार कुणाच्या आवाक्याबाहेरचे आहेत? ज्याने दावे, पात, कडबा आणि रोजंदारी पाहिली आहे त्याच्या, की ज्याने फक्त यादी पाहिली आहे त्याच्या?

एक वेगळा आक्षेपही विचारात घ्यायला हवा, कारण तो यादीवाल्यांचा नाही. काही जाणते म्हणतात, वाक्प्रचार शिकवूच नका. आजचे चांगले इंग्रजी साधे असते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ सालच्या निबंधात लेखकाला दिलेला पहिलाच नियम असा की छापलेल्या मजकुरात नेहमी दिसणारी उपमा किंवा रूपक वापरू नका. या आक्षेपातले निम्मे मला मान्य आहे. नोकरीच्या अर्जात 'आय विल लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' लिहिणारे इतके आहेत की वाचणाऱ्याला तो दगड दिसेनासा झाला आहे. निबंधात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' लिहिले की गुण वाढतात, हा समज तर सोडूनच द्यायला हवा. तो वाक्प्रचार जुना झाला आहे आणि आजच्या इंग्रजी बोलण्यात फारसा येत नाही. दागिना म्हणून वाक्प्रचार लिहू नये, हे अगदी खरे. पण ऑर्वेल यांचा नियम ज्याला वाक्प्रचार येतात त्याच्यासाठी आहे. ज्याला वाचतानाच कळत नाही, त्याला टाळायचे काय हेही कळणार नाही. इंग्रजी वर्तमानपत्र, न्यायालयाचा निकाल, कंपनीचे पत्र यांत वाक्प्रचार येतच राहणार. आमच्या मुलांनी ते कळून टाळावेत. न कळल्यामुळे टाळले तर त्याला साधेपणा म्हणता येणार नाही, ती वंचितता झाली.

शिवाय वाक्प्रचाराचे बळ शब्दार्थात नसते, हे लातूरकरांनी स्वतः भोगून पाहिले आहे. मराठीत पैसा पाण्यासारखा खर्च करतात. इंग्रजीतही 'स्पेंड मनी लाइक वॉटर' म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यात घागरीघागरीसाठी रांगा होत्या, तरी उधळ्या माणसाविषयी लातूरकर 'पाण्यासारखा पैसा घालवतो' असेच म्हणत होते आणि ऐकणाऱ्याला त्यातून उधळपट्टीच कळत होती. परिस्थिती उलटली तरी वाक्प्रचार टिकला. भाषेची ही रीत ज्याने मराठीत अनुभवली, त्याला इंग्रजीत ती समजावणे अवघड नाही.

दुसरे काही जण म्हणतील, आपले भारतीय इंग्रजी वेगळे आहे, मग साहेबाच्या कसोटीला का लागायचे? यातही तथ्य आहे. 'आउट ऑफ स्टेशन' किंवा 'प्रीपोन' भारतात सर्वांना कळते. ते चूक ठरवून मुलांना लाजवण्याचे कारण नाही. पण रूढ झालेला वेगळेपणा आणि अर्धवट ऐकल्याने झालेली मोडतोड यांत फरक आहे. स्नेहसंमेलनात मंचावरून 'लास्ट बट नॉट द लीस्ट' ऐकू येते. मूळ प्रयोगात तो 'द' नाही. मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षे चुकीचे म्हटले म्हणून मुले तेच बरोबर धरतात. आणि आमच्या मुलाची उत्तरपत्रिका, अर्ज किंवा शोधनिबंध कुणाच्या हातात पडेल हे आमच्या ताब्यात नसते.

शेवटचा आक्षेप वेळेचा. अकरावी-बारावीला सगळा जीव नीट परीक्षेत अडकलेला असतो, इंग्रजी उत्तीर्ण होण्यापुरती उरते; इतके समजावत बसायला सवड कुठे आहे? माझे उत्तर असे की सवड यादीच खाते. पाचशे पाठ करायचे, त्यांतले चारशे विसरायचे आणि उरलेले चुकीचे लिहायचे, यात वेळ वाचतो कुठे? २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंतच्या दहा वर्षांत पहिली चार वर्षे सोडून दिली आणि पुढे वर्षाला तीसच वाक्प्रचार घेतले, तरी दीडशेहून अधिक होतात. तेवढे पक्के आले तर कुठल्याही पदवीधराला पुरे आहेत. प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे. यातला कोणता शब्द कधीच बदलत नाही? कोणता शब्द माणसाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो? याच्या पुढेमागे काय येते, आणि तो होकारात चालतो की नकारात? तो कुणासमोर, कुठल्या लिखाणात शोभतो? मग पाचवा प्रश्न मुलांनीच एकमेकांना विचारावा: आपल्याकडे याच्या जवळचे काय आहे आणि दोघांत फरक कुठे पडतो?

आणि वाक्य असे लिहायला लावायचे की वाक्प्रचार काढला तर अर्थ लंगडा पडेल. 'ही बर्न्स द मिडनाइट ऑइल' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते लिहिणाऱ्याला अर्थ कळला की नाही हे त्यातून समजत नाही. 'आफ्टर पिकिंग कॉटन ऑल डे, माय सिस्टर बर्न्स द मिडनाइट ऑइल फॉर हर पोलीस एक्झाम,' असे लिहिणाऱ्या मुलाला अर्थ कळलेला आहे. 'द' जागेवर आहे, 'ऑइल' एकवचनी आहे, रात्र अभ्यासात गेली आहे, आणि त्या वाक्यात त्याची बहीण आहे, त्याचे शेत आहे. पूर्ण गुण अशाच वाक्याला द्यावेत. मराठीच्या पेपरातही 'गुरुजींनी कंबर कसणे या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला' असे लिहून सुटणाऱ्याला आपण गुण देत नाही. तोच नियम इंग्रजीला लावा.

नांदेड, लातूर आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांची मुले लातूर विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसतात. या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: यादीतून उचललेल्या कोरड्या वाक्याला आणि स्वतःच्या आयुष्यातून लिहिलेल्या वाक्याला एका तराजूत तोलू नका. शिकवणीचालकांना विनंती आहे की पाचशेची पुस्तिका छापायचीच असेल तर प्रत्येक वाक्प्रचाराखाली एक पूर्ण वाक्य छापा आणि तो कुठे शोभत नाही तेही छापा. पालकांना सांगणे आहे की मूल इंग्रजीचा अभ्यास करताना मराठीत बोलले तर त्याला गप्प करू नका. तुमच्या घरात बोलले जाणारे दावे, पात, उघडीप, तूर हे शब्द त्याच्या इंग्रजीच्या आड येत नाहीत. त्याचे इंग्रजी वाक्य त्यांच्याच आधारावर उभे राहणार आहे.